कार्ल्याची लेणी ‘हीनयान’ म्हणायची ती कशाच्या आधारावर? (बौद्ध पंथांबद्दल गप्पा)

लेणीवेडा (धागाकर्ता)

मंडळी, कार्ल्याला गेलं की गाइड एक वाक्य हमखास ऐकवतो: ‘ही हीनयान काळातली लेणी, मग महायान आलं, मग मूर्ती आल्या.’ शाळेच्या पुस्तकात तेच, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये तेच. आधी हीनयान, मग महायान, शेवटी वज्रयान (तंत्रमार्ग), आणि मग धर्म भारतातून गेला, विषय संपला. मला या मांडणीचा मनापासून कंटाळा आलाय, म्हणून हा धागा.

कार्ल्याच्या लेखांमध्ये ‘हीनयान’ असं कुठेही नाही. मग काय आहे? चैत्यगृहातल्या एका खांबावर कोरलंय की सोपारकाचा सतिमित, धम्मुत्तरियांचा भाणक, याने धातू (पवित्र अस्थी-अवशेष) ठेवलेला हा खांब दान दिला. सोपारक म्हणजे आपलं नालासोपारा. भाणक म्हणजे ज्याला सूत्रं तोंडपाठ आहेत आणि जो ती म्हणून दाखवतो असा भिक्खू. दुसरा लेख सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षातला. अबुलाम गावच्या हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप दिला. दिला चारी दिशांच्या संघाला, पण ताबा महासांघिकांचा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. (हरफरण, बापाचं नाव सेतफरण. ही नावं इराणी वळणाची दिसतात. मावळात हा गृहस्थ काय करत होता कोण जाणे!)

नाशिकला पांडवलेण्यात जा. तीन नंबरचं देखणं लेणं गौतमी बलश्रीने दिलं ते भद्रायणीय भिक्खूंना. कान्हेरीतही भद्रायणीय भेटतात. जुन्नरला पुन्हा धम्मुत्तरिय. म्हणजे सातवाहन काळात आपल्याकडच्या एखाद्या भिक्खूला ‘तुम्ही कुठले?’ म्हणून विचारलं असतं तर त्याने यातलं एखादं नाव सांगितलं असतं. असे निकाय, म्हणजे संघाचे जुने पंथ, परंपरेने अठरा मोजले जातात.

यातले धम्मुत्तरिय आणि भद्रायणीय हे वात्सीपुत्रीयांचे फाटे. वात्सीपुत्रीय म्हणजे ‘पुद्गल’ मानणारे. माणूस म्हणजे पंचस्कंध (शरीर-मनाचे पाच घटक) एवढंच नाही, एक पुद्गल (व्यक्ती) आहे, तो स्कंधांहून वेगळा आहे असंही म्हणता येत नाही आणि तेच तो आहे असंही नाही, अशी त्यांची भूमिका. यावर बाकीचे निकाय तुटून पडले. थेरवाद्यांच्या (आज श्रीलंका, ब्रह्मदेशात आहे ती परंपरा) ‘कथावत्थु’ या वादग्रंथात पहिलाच वाद हा आहे, आणि चांगला लांबलचक आहे. पण एवढी टीका होऊनही ही मंडळी कमी नव्हती. याच घराण्यातले सम्मितीय सातव्या शतकात सिंध, माळवा, वलभी भागात जोरात होते, चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने तसं लिहून ठेवलंय. आज त्यांचा एकही विहार जगात कुठे चालू नाही. सह्याद्रीत डोंगर फोडून ज्यांच्यासाठी घरं केली, ते निकाय आता फक्त दगडावर उरलेत.

माझं म्हणणं असं की बौद्धांत पंथ ओळखायचा तो आधी विनयावरून (भिक्खूंची नियमावली), म्हणजे उपसंपदा (भिक्खू म्हणून पूर्ण दीक्षा) कुठल्या परंपरेतून मिळाली त्यावरून. तत्त्वज्ञान त्यानंतर. हे धरून चाललं तर आजच्या देशोदेशीच्या परंपराही नीट लागतात. तुम्हाला काय वाटतं?

---

चौकस

धागा आवडला. पण एक शंका. मूर्ती नाही, नुसता स्तूप आहे तर हीनयान, मूर्ती आहे तर महायान, हा ठोकताळा इतका वाईट आहे का? अजिंठ्याला ९ आणि १० मध्ये स्तूप, २६ मध्ये महापरिनिर्वाणाची ती प्रचंड मूर्ती. फरक डोळ्यांना दिसतो की.

---

पालीप्रेमी

फरक दिसतो तो काळाचा आहे, चौकसराव. मूर्ती घडवण्याची चाल पडली तेव्हा ती सगळ्यांनीच उचलली. मूर्तीवरून महायान ठरवायचं तर श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड सगळे महायानी ठरतील! श्रीलंकेत औकनची उभी मूर्ती चाळीस फुटांच्या आसपास आहे.

धागाकर्त्यांशी बऱ्याच अंशी सहमत. पहिली मोठी कुरबूर झाली ती वैशालीला, परंपरेनुसार बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी. पाली विनयातल्या चुल्लवग्गाच्या शेवटच्या खंधकात (प्रकरणात) ती गोष्ट आली आहे. यश नावाचा भिक्खू वैशालीला येतो तर काय बघतो, उपोसथाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या व्रताच्या) दिवशी वज्जीच्या भिक्खूंनी काशाचं पातेलं पाणी भरून संघाच्या मधोमध ठेवलंय आणि येणाऱ्या उपासकांना सांगतायत, यात कार्षापण (नाणी) टाका, संघाला उपयोगी पडेल. यश उपासकांना म्हणतो, देऊ नका, शाक्यपुत्रीय श्रमणांना सोनंचांदी चालत नाही. तरी लोक टाकतात. दुसऱ्या दिवशी वाटणी होते, यशालाही त्याचा हिस्सा देऊ करतात. तो घेत नाही. तिथून ठिणगी पडते.

वादाचे मुद्दे दहा होते. शिंगात मीठ साठवून ठेवलं तर चालेल का? मध्यान्हीनंतर सावली दोन बोटं सरेपर्यंत जेवता येईल का? बसायच्या आसनाला दशा (कडेची झालर) नसल्या तर? आणि सोनंचांदी. आत्मा, निर्वाण, शून्यता यांतलं एकही नाव त्या यादीत नाही. महासांघिक आणि स्थविर हे दोन मूळ गट वेगळे झाले ते याच सुमारास किंवा त्यानंतर थोड्या काळाने, आणि त्याचं कारण नक्की कोणतं यावर दोन्हीकडचे ग्रंथ वेगवेगळं सांगतात. पण विनय मध्यवर्ती आहे हे कुणी नाकारत नाही.

आज जिवंत विनय तीनच. पाली विनय श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, कंबोडिया, लाओस इथे, भिक्खूंसाठी २२७ नियम. धर्मगुप्तकांचा विनय चीन, कोरिया, व्हिएतनाम, तैवान इथे, २५० नियम. मूलसर्वास्तिवादींचा तिबेट, भूतान, मंगोलिया इथे, साधारण २५३ नियम. म्हणजे तैवानचा महायानी भिक्खू महायानाची सूत्रं म्हणतो, बोधिसत्त्वाची व्रतं (सगळ्यांना तारण्यासाठी बुद्ध होण्याचा संकल्प) घेतो, पण मुंडण करून भिक्खू होताना जो विनय पाळतो तो जुन्या अठरा निकायांपैकी एकाचाच. पूर्ण वेगळी महायानी उपसंपदा भारतात कधी नव्हतीच.

इत्सिंग हा चिनी भिक्खू ६७१ ते ६९५ या काळात दक्षिण समुद्र आणि भारत फिरला. त्याने हे अगदी रोखठोक लिहिलंय: विनय दोघांचा एकच, जे बोधिसत्त्वांची पूजा करतात आणि महायानसूत्रं वाचतात ते महायानी, जे करत नाहीत ते हीनयानी. आणि आपल्या महाराष्ट्राबद्दल ह्युएनत्संग सांगतो की शंभरेक संघाराम (मठ) आहेत, पाच हजार भिक्खू आहेत, दोन्ही यानांचा अभ्यास चालतो. एकाच छपराखाली दोघं नांदत होते. ‘हीनयान’ हे काही कुणी स्वतःचं लावलेलं नाव नव्हे, समोरच्याला कमी लेखायला दिलेलं. थेरवादाला ते चिकटवू नये एवढीच विनंती.

---

ओसाकातली

इतके दिवस वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही. तुमच्या नियमाला जपान हा दणदणीत अपवाद आहे :)

जपानात चिनी पद्धतीचीच उपसंपदा आली होती, धर्मगुप्तकांची. पण हिएई डोंगरावरच्या तेंदाई पंथाचा संस्थापक साइचो म्हणाला की आम्हाला ती नको, आमच्या भिक्षूंना फक्त बोधिसत्त्वाच्या शीलांवर दीक्षा देऊ द्या. नारा शहरातल्या जुन्या मठांनी कडाडून विरोध केला. परवानगी मिळाली ८२२ मध्ये, साइचो वारल्यावर आठवड्याभरात. पुढचे जवळपास सगळे मोठे लोक याच हिएईवरून खाली उतरले: होनेन, शिनरान, दोगेन, निचिरेन. शिनरानने तर उघड लग्न केलं. १८७२ मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढलं की भिक्षूंनी लग्न करावं, मांस खावं, केस राखावेत, त्यांची मर्जी. झालं! आता इथला भटजी... सॉरी, भिक्षू म्हणजे बायकापोरांचा माणूस. देऊळ त्याच्या घराला लागून. थोरला मुलगा पदवी घेऊन नोकरी करतो, मग मठात थोडा काळ प्रशिक्षण घेऊन बापाच्या जागी बसतो.

भारतात जपानी बौद्ध धर्म म्हटलं की लोकांना झेन आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस आठवतो. मी राहते त्या गल्लीत तीन देवळं आहेत, त्यातली दोन शिन पंथाची. तिथे ध्यान नाहीच! अमिदा बुद्धावर भरवसा ठेवून ‘नामु आमिदा बुत्सु’ म्हणायचं. ते म्हणणंसुद्धा पुण्य कमवायला नव्हे, कृतज्ञता म्हणून. स्वतःच्या बळावर निर्वाण मिळवायची आपली लायकी नाही, अमिदाने आधीच संकल्प केलेला आहे, हे शिनरानचं सांगणं. आपल्याकडच्या वारकऱ्यांना हे लगेच कळेल. सोतो झेनचं एक देऊळ आहे, तिथेही आठवड्यातून एकदा सकाळी झाझेन (बसून ध्यान), बाकी सगळा वेळ अंत्यविधी आणि वर्षश्राद्ध.

शेजारच्या आजोबांच्या विधीला गेले होते. पाळीपाळीने पुढे जायचं, चिमटीत सुगंधी भुकटी घ्यायची, कपाळापाशी न्यायची, निखाऱ्यावर सोडायची. काही पंथांत कपाळापाशी नेत नाहीत, काहींत एकदाच, काहींत तीनदा. सगळे जण पुढच्याचं बघून करतात, मीही केलं. मेलेल्या माणसाला नवं नाव देतात, लाकडी पाटीवर लिहून. ते नाव जितकं भारदस्त तितकी देवळाला द्यायची दक्षिणा मोठी, आणि यावरून इथले लोकही कुरकुरतात. प्रत्येक कुटुंब एका देवळाला बांधलेलं असतं. ही पद्धत तोकुगावा राजवटीतली. ख्रिश्चन कोण हे हुडकायला प्रत्येक घराची नोंद देवळात सक्तीची केली होती. म्हणजे घराण्याचा पंथ ठरला तो सरकारी दप्तरातून.

---

लेणीवेडा

ओसाकाताई, झकास प्रतिसाद. अपवाद मान्य, पण बघा, तिथेही भांडण उपसंपदेवरूनच झालं. साइचोला वेगळं देऊळ नको होतं, वेगळा दीक्षामंच हवा होता.

---

कामठीकर

हे सगळं ठीक आहे भाऊ, पण आमचं काय? या नकाशात आम्ही कुठं बसतो?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थवीरांकडून, म्हणजे ब्रह्मदेशी थेरवादी भिक्खूकडून. त्रिशरण, पंचशील पालीत झालं. इथवर थेरवाद. पण लगेच त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. म्हणजे चीवर (भिक्खूचं वस्त्र) न घातलेल्या माणसानं चीवर न घालणाऱ्या लोकांना दीक्षा दिली. तुमच्या इत्सिंगला विचारा, हे कोणत्या विनयात बसते? आदल्या दिवशी पत्रकारांनी विचारलं होतं, कोणता पंथ, तर हीनयान-महायानाच्या भानगडीत पडणार नाही, हवं तर नवयान म्हणा, असं उत्तर होतं. थेरवाद, महायान सगळं त्यांनी वाचलेलंच होतं. कोलंबो, रंगून इथल्या परिषदांना जाऊन आले होते, दीक्षेनंतर नोव्हेंबरात काठमांडूला गेले. जे केलं ते माहीत असून केलं.

१९५७ मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ आला. त्यात सिद्धार्थ घर सोडतो ते म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध, संघाचा निर्णय मान्य करून देशत्याग. एकोणतीस वर्षांच्या माणसानं त्याआधी कधी म्हातारा पाहिला नसेल का, हा त्यांचा सवाल. चार आर्यसत्यं मूळ उपदेशातली की नंतर घातली, हाही प्रश्न त्यांनी प्रस्तावनेत टाकला.

आता आमची रीत सांगतो. विहारात रविवारी वंदना, पांढरे कपडे. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन (मृत्यूनंतरचा विधी) बौद्धाचार्य लावतात. ते गृहस्थच असतात, कुणी शिक्षक, कुणी रेल्वेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. भिक्खू असले तर ते एका जागी राहतात, नसले तरी विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होते. एक जण वाचतो, मधे थांबून समजावून सांगतो. आमच्या वस्तीत वाचायचा मान बहुतेक बायांकडे आहे, शेवटी खीरदान. ध्यान करणारेही आहेत, पण तो गाभा नाही. गाभा समतेचा आहे.

---

जुनाट

प्रामाणिक प्रश्न, राग मानू नये. भिक्खुसंघाची अखंड परंपरा नाही, चार आर्यसत्यांवर प्रश्नचिन्ह, पुनर्जन्मही वेगळ्या अर्थाने. मग त्याला बौद्ध धर्म म्हणायचं की बुद्धाच्या नावाने नवीन सामाजिक धर्म?

---

पालीप्रेमी

जुनाटकाका, ‘अखंड परंपरा’ या गोष्टीबद्दल थोडं सांगतो, कारण तिथेच लोक चकतात.

थेरवादाचं माहेर मानलं जातं त्या श्रीलंकेत अठराव्या शतकात उपसंपदा देण्याइतके भिक्खूच उरले नव्हते. किमान पाच उपसंपन्न भिक्खू लागतात, तेवढेही नाहीत! वेलिविट सरणंकर या श्रामणेराने (उपसंपदा न झालेल्या शिकाऊ भिक्खूने) राजामागे लागून सयामहून भिक्खू आणवले. अयुथ्येचे उपाली थेर १७५३ मध्ये कँडीला आले आणि परंपरा पुन्हा चालू झाली. म्हणून त्या निकायाचं नाव सियाम निकाय, बुद्धांच्या दाताच्या प्रसिद्ध देवळातली पूजाअर्चा त्यांच्याच दोन पीठांकडे.

आता पुढची गोष्ट कामठीकरांनी ऐकावी. लवकरच ठरलं की सियाम निकायात उपसंपदा फक्त गोविगम या शेतकरी, वरच्या जातीला. किनारपट्टीवरची सलागम जात, जिचा धंदा दालचिनी सोलण्याचा, तिच्यातले श्रामणेर कितीही विद्वान असोत, त्यांना बंदी. मग अंबगहपिटिये ज्ञानविमल थेर काही श्रामणेरांना घेऊन ब्रह्मदेशात अमरापूरला गेले, तिथून उपसंपदा घेऊन १८०३ मध्ये परतले. तो अमरपूर निकाय. १८६४ मध्ये विनय कडक पाळण्याच्या आग्रहातून रामञ्ञ निकाय निघाला, त्याची उपसंपदाही ब्रह्मदेशातून. तिन्ही निकायांची सूत्रं तीच, त्रिपिटक तेच, अट्ठकथा (भाष्यं) त्याच. फरक उपसंपदेचा, चीवर एक खांदा झाकून की दोन्ही याचा, आणि जातीचा. सियाम निकायातली ती अट अजूनही पूर्णपणे सुटलेली नाही.

तेव्हा जातीपायी बौद्धांत नवा निकाय निघणं ही काही १९५६ ची नवलाई नाही. बाकी ‘खरा बौद्ध’ कोण याचा निवाडा करायला कोणताही पोप नाही, आणि कधी नव्हता.

---

कामठीकर

दालचिनीवाली गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद. जुनाटकाका, राग नाही. फक्त ‘सामाजिक धर्म’ असं म्हणताना जणू बाकीचे धर्म अंतराळात राहतात असं वाटते, तेवढं बघा.

---

जुनाट

पटलं. अमरपूरबद्दल अजून वाचतो.

---

हिमालयवारी

वज्रयानावर कुणीच आलं नाही म्हणून मी. विद्वान नाही, भटक्या आहे.

लडाखमध्ये टूरवाले सगळ्याला ‘मॉनेस्ट्री’ म्हणून मोकळे होतात, पण हेमिस हे द्रुकपा काग्यूंचं, ठिकसे गेलुगांचं. ञिंगमा, साक्य, काग्यू, गेलुग हे चार मुख्य पंथ. ञिंगमा स्वतःला आठव्या शतकातल्या पद्मसंभवापर्यंत नेतात. बाकीचे तिबेटात दुसऱ्यांदा धर्म रुजला त्या काळापासूनचे. १०४२ ला बंगालचा अतीश तिबेटात गेला, तो सगळ्यांनाच पूज्य. गेलुग सगळ्यांत नवे, चोंखापाने १४०९ मध्ये गंदेन मठ काढला तिथून पुढे. पण धागाकर्त्यांचा नियम इथे चपखल बसतो: विनय चौघांचाही एकच, मूलसर्वास्तिवादी. फरक गुरूचा, कुठल्या तंत्राचा अभिषेक घेतला त्याचा, आणि अभ्यासाच्या पद्धतीचा.

ठिकसेला पहाटेच्या पूजेला बसायला मिळतं. मोठे लामा लयीत पोथी म्हणतायत, आणि सात-आठ वर्षांची पोरं लोणी घातलेल्या चहाच्या किटल्या घेऊन रांगांमधून अक्षरशः पळतायत. एकाने चहा सांडला, शेजारच्याने त्याला कोपर मारलं, दोघंही पोथीत तोंड लपवून हसत होते. कर्नाटकात बैलकुप्प्याच्या सेरा मठात याउलट आरडाओरडा. वादविवादाचा तास असतो: एक जण मांडी घालून बसलेला, दुसरा उभा राहून प्रश्न विचारतो आणि प्रश्न संपताना एक पाय पुढे आपटून टाळी वाजवतो. दिङ्नाग-धर्मकीर्तीच्या प्रमाणशास्त्रावर (तर्कशास्त्रावर) आजही चालणारे वर्ग बघायचे असतील तर हे ठिकाण. सामान्य माणसाची साधना मात्र वेगळी, मणी फिरवणं, प्रदक्षिणा, आणि पुढच्या तंत्रसाधनेची तयारी म्हणून एक लाख साष्टांग दंडवत. काही जणांच्या हाताला लाकडी पट्ट्या बांधलेल्या दिसतात त्या त्यासाठीच.

पण सगळ्यांत चक्रावून टाकणारं पाटण, काठमांडूजवळचं. नेवार बौद्धांचे बहाल (विहार). पूजा संस्कृतमधून! भिक्षू म्हणून ओळखले जाणारे शाक्य आणि वज्राचार्य, दोन्ही जाती, दोन्ही संसारी. मुलगा लहान असताना मुंडण करून चार दिवस भिक्षू होतो, मग चीवर परत करतो आणि घरी येतो, पण विहाराचा सदस्य जन्मभर राहतो. क्वा बहाल म्हणजे ‘सोन्याच्या देवळात’ मुख्य पूजा करणारा पोरगा बाराच्या आतला असतो आणि महिन्याने बदलतो. भारतातला महायान-वज्रयान संस्कृतसकट कुठे जिवंत आहे म्हणाल तर इथे.

आपल्याकडचं म्हणाल तर वेरूळचं १२ नंबरचं लेणं, तीन ताल, नीट बघा. मधे बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व, असा नऊ घरांचा चौकोनी पट भिंतीवर कोरलाय. मंडलच ते. आणि विदर्भात गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत आहे, १९७० च्या दशकापासूनची. नवेगाव बांधला पक्षी बघायला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करावी.

---

मेत्ता

सगळी चर्चा भिक्खूंचीच चाललीय. भिक्खुणी?

---

पालीप्रेमी

रास्त टोला. आणि हा प्रश्न तर शंभर टक्के विनयाचाच आहे.

पाली विनयात भिक्खुणीला ३११ नियम, आणि उपसंपदा दोनदा: आधी भिक्खुणीसंघाकडून, मग भिक्खुसंघाकडून. श्रीलंकेत अकराव्या शतकात चोळांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत भिक्खुणीसंघ संपला. भिक्खू ब्रह्मदेशातून पुन्हा आणता आले. भिक्खुणी कुठून आणणार? म्हणून थेरवादात हजारभर वर्षं ‘आता शक्यच नाही’ असं उत्तर दिलं गेलं.

गंमत अशी की त्याच श्रीलंकेतून पाचव्या शतकात काही भिक्खुणी जहाजाने चीनला गेल्या होत्या आणि तिथे त्यांच्या साक्षीने चिनी स्त्रियांना उपसंपदा मिळाली. तो धागा धर्मगुप्तक परंपरेत चीन, कोरियात तुटला नाही. त्याच आधारावर १९९६ मध्ये सारनाथला कोरियाई भिक्षुणींच्या मदतीने श्रीलंकेतल्या स्त्रियांना उपसंपदा दिली, १९९८ मध्ये बोधगयेत पुन्हा मोठ्या प्रमाणावर. विरोधक म्हणतात, विनय दुसऱ्या निकायाचा, म्हणून ग्राह्य नाही. समर्थक म्हणतात, तुमच्याच बायका तिकडे गेल्या होत्या, त्यांची लेक परत आली. थायलंडच्या संघाचा १९२८ चा मनाई हुकूम अजून लागू आहे, तिथल्या स्त्रिया श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेतात. तिबेटी परंपरेत पूर्ण उपसंपदेची स्त्रीपरंपरा रुजलीच नव्हती. २०२२ मध्ये भूतानच्या जे खेन्पोंनी (प्रमुख धर्मगुरूंनी) शंभराहून जास्त स्त्रियांना ती दिली, फक्त भिक्षुसंघाकडून. त्यावरही चर्चा चालू आहे.

---

मेत्ता

म्हणजे सोनंचांदी घ्यायची की नाही यावर संघ फुटू शकतो, पण अर्धा संघ नाहीसा झाला तर नियम आडवे येतात. बरं.

तरी धम्मुत्तरियांच्या नावावर एक गुण: जुन्नरच्या एका लेखात त्यांच्या भिक्खुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख आहे, गावात असलेल्या.

---

चौकस

माझे दोन शेवटचे प्रश्न. एक, मी इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर करून आलो, ते कुठल्या पंथाचं? दोन, मांसाहार. कुणी म्हणतं बौद्ध शाकाहारी, कुणी म्हणतं नाही.

---

पालीप्रेमी

दुसऱ्याचं आधी. पाली विनयात मांस त्रिकोटिपरिशुद्ध असेल तर चालतं: तुमच्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही. भिक्षापात्रात पडेल ते खायचं. भिक्खूंनी मांसमच्छी खाऊच नये हा आग्रह देवदत्ताचा होता, आणि बुद्धांनी तो नाकारला. पुढे लंकावतारसारख्या महायानसूत्रांनी मांस निषिद्ध केलं, चीनमध्ये सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने भिक्षूंवर ते बंधन घातलं. तिथे भिक्षा मागण्याऐवजी मठाचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं, त्यामुळे पाळता आलं. तिबेटात भाजीपाला फारसा उगवत नाही, तिथे खातात.

इगतपुरी: ब्रह्मदेशी थेरवादाची एक अगदी आधुनिक शाखा. लेदी सयादो (१८४६–१९२३) हे मोठे पंडित. इंग्रजांनी राजा पदच्युत केला, संघाचा राजाश्रय गेला. तेव्हा धर्म टिकवायचा तर तो गृहस्थांच्या हातात दिला पाहिजे म्हणून त्यांनी खेडोपाडी अभिधम्म (बौद्ध तत्त्वविचार) आणि ध्यान शिकवलं. त्यांचा शिष्य सया थेटजी हा शेतकरी, त्याचा शिष्य ऊ बा खिन हा स्वतंत्र ब्रह्मदेशाचा महालेखापाल, त्यांचे शिष्य गोएंका, रंगूनचे मारवाडी व्यापारी. १९६९ ला भारतात आले, १९७६ ला इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू. या साखळीत लेदींनंतर एकही भिक्खू नाही. पहिले साडेतीन दिवस आनापान (श्वासावर लक्ष), मग विपश्यना, हे तुम्ही केलंच आहे. रंगूनच्या महासी सयादोंची पद्धत वेगळी, पोटाच्या हालचालीवर लक्ष. गृहस्थांनी मोठ्या संख्येने बसून ध्यान करणं ही दीडेकशे वर्षांतली गोष्ट आहे. त्याआधी थेरवादी उपासकाचा धर्म म्हणजे दान, शील, उपोसथ आणि वर्षावास संपल्यावर कठिन चीवरदान (भिक्खूंना नवी वस्त्रं देणं).

---

लेणीवेडा

म्हणजे लेदींनंतरची साखळीही कामठीकरांच्या विहारासारखी, चीवराशिवायची. विनयाचा माझा नियम विसाव्या शतकात येऊन दोन ठिकाणी अडकतो, आणि दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. दीक्षाभूमी आणि इगतपुरी. यावर वेगळा धागा काढावा का? कामठीकर, तुम्ही काढता का?

---

कामठीकर

काढतो. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीतून मोकळा झालो की. आमच्याकडे पाहुणे उतरतात तेव्हा.